परिशिष्टातली हौसाबाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, वडगावच्या बहिणीला नाही. अंबाबाईपुढं हात जोडून उभी राहते तेव्हा बाकीचं सगळं मनातल्या मनात बोलून घेते — हे तेवढं गिळते. मग तुम्हाला का सांगतेय? तुमचा माझा काही संबंध नाही म्हणूनच असेल. जाऊ दे. कारणं शोधायला बसले की मी ती फार हुशारीनं शोधते, आणि मूळ गोष्ट तशीच बाजूला राहते.

आधी मी कोण ते ऐका. फुशारकी वाटली तर वाटू दे. मी फुशारकी मारणारी बाई आहेच, आणि पुढं जे झालं ते त्या फुशारकीशिवाय कळायचं नाही.

शिवाजी पेठेत, तालमीला लागून जो बोळ आहे तिथं माझं टायपिंगचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल असं सगळं लिहिलंय, पण त्यासाठी कुणी आलं तर मी समोरच्या दुकानात पाठवते. माझ्याकडं येतात ते प्रबंध. कोल्हापुरात टायपिंग करणारे ढिगानं आहेत. प्रबंध करणारी मी आहे. प्राध्यापक लोकच आपल्या विद्यार्थ्यांना सांगतात, पेठेतल्या वहिनींकडं द्या आणि निवांत बसा.

लोकांना वाटतं टायपिंग म्हणजे बोटं. बोटं सगळ्यांनाच असतात. माझं काम बोटं थांबल्यावर सुरू होतं. डावीकडं दीड इंच समास, कारण बाइंडिंगवाला तिथं शिलाई घालणार. प्रस्तावनेला वेगळे पानक्रमांक, पहिल्या प्रकरणापासून वेगळे. मथळ्यांना एकदाच शैली ठरवून दिली की एक कळ दाबल्यावर अनुक्रमणिका आपली आपण तयार होते — आणि पुढं चार पानं वाढली तरी एक आकडा चुकत नाही. 'डॉ.' ओळीच्या शेवटी आणि नाव पुढच्या ओळीत, असं माझ्या पानावर कधी होत नाही. दोघांच्या मध्ये मी न तुटणारी जागा टाकते. परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटीच गेलेली मला बघवत नाही. जुन्या फाँटमधली फाइल युनिकोडात आणताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, ते मी एकेक करून उतरवते. हे कुणाच्या लक्षात येतं का? नाही येत. पण पान हातात घेतल्यावर माणूस जरा सरळ बसतो, ते मी पाहिलंय.

कुणाचीही फाइल आली की मी आधी ती कळ दाबते, जिच्यानं पानावरच्या एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसायला लागतात. मग माणूस उघडा पडतो. मथळा मधोमध आणायला कुणी चाळीस वेळा स्पेस मारलेली असते. कुणी पुढच्या पानावर जायला एंटर दाबत दाबत गेलेला असतो, जिना उतरल्यासारखा. कुणी तक्ता न काढता टॅबच्या जिवावर रकाने उभे केलेले असतात आणि एक शब्द वाढला की सगळं कोसळतं. मोठमोठे विद्वान असतात हो. मी काही बोलत नाही, नुसती बघते आणि नीट करते. एकदा बाहेरगावचे एक परीक्षक मी केलेला प्रबंध हातात धरून म्हणाले होते म्हणे, "हा न वाचताच पास करावासा वाटतोय." हे मला कुणी तरी येऊन सांगितलं. त्या दिवशी मी घरी बासुंदी केली होती.

तर अशी मी. आता ऐका, मी आले कुठून.

मी पेठ वडगावची. बारावी झाले, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि कोल्हापुरात एका ऑफिसात लागले. आमच्याकडं बायका 'मी येते, मी जाते' असं म्हणत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. आम्ही 'मी येतो, मी जातो' म्हणतो. आई म्हणायची, आजी म्हणायची, बहीण अजून म्हणते. त्यात बाईपणाला काही कमी पडत नाही. पण ऑफिसातल्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, "साहेब, मी जेवून येतो." झालं. सगळं ऑफिस हसलं. एकजण म्हणाला, "येतो? तू बाई का बुवा?" नंतर कितीतरी दिवस मी दिसले की कुणी तरी म्हणायचं, "काय पाटील, आलात का?" माझं माहेरचं आडनाव पाटील. आता वाटतं, एवढं काय मोठं होतं त्यात? तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि संडासात जाऊन रडले होते.

त्यानंतर मी 'येते' शिकले. 'आहे' शिकले, 'नाही' शिकले. इतकं पक्कं शिकले की माझ्याकडं येणाऱ्या मास्तरांच्या चुका मी काढायला लागले. घरात मात्र आजही तोंडातून 'हाय' आणि 'न्हाय'च निघतं. दुकानाचा उंबरा ओलांडला की भाषा बदलते, चप्पल बदलावी तशी. हे मी तुम्हाला कारण म्हणून सांगत नाही, ध्यानात ठेवा.

शुभांगी मॅडम दुकानात आल्या त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली. एका कॉलेजात मराठी शिकवायच्या, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि दर वर्षी पुन्हा अर्ज. पीएचडी झाली की कायम व्हायची आशा. लहानखुऱ्या, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, बोलणं मऊ. घर शहरातलंच, शिकल्यासवरलेल्या माणसांचं. त्यांनी प्रबंधाचं हस्तलिखित टेबलावर ठेवलं आणि मला विषय सांगितला.

विषय काय होता? राधानगरीकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना क्रियापद कसं वापरतात. म्हणजे तेच. 'मी येतो, मी जातो, मी गेलतो.'

मी म्हटलं, "याच्यावर पीएचडी?" त्या हसल्या. म्हणाल्या, "वहिनी, हे फार सुंदर आहे. या बायका असं का बोलतात, कुठं बोलतात, कुणापुढं बोलत नाहीत, ते कुणी नीट लिहूनच ठेवलेलं नाही." दोन-अडीच वर्षं त्या एसटीनं तिकडच्या गावांत जात होत्या. रेकॉर्डर समोर असला की बायका मोकळ्या बोलत नाहीत, म्हणून त्या नुसत्या बसायच्या, ऐकायच्या, आणि परतताना स्टँडवर बसून आठवेल तसं, शब्दाला शब्द उतरवून काढायच्या. ते मूळ कागदच त्यांनी माझ्याकडं दिले. ते सगळं प्रबंधाच्या शेवटी परिशिष्टात जाणार होतं. प्रकरणांत त्यांचं म्हणणं, आणि परिशिष्टात त्याचा पुरावा.

त्या परिशिष्टात सगळ्यात जास्त पानं होती हौसाबाईची. सत्तरीची बाई, दाजीपूरच्या वाटेवरच्या एका गावातली. चार म्हशी, थोडं भात. डेअरीला दूध घालणारी. मी तिला कधी पाहिलेलं नाही. पण तिचं बोलणं मला आजही पाठ आहे.

"म्हस व्याया लागली तवा घरात कोण न्हवतं. मी एकटीच हुतो. पाऊस असा की दार उघडंना. मी बॅटरी घेतलो आन् गोठ्यात गेलो. रेडकू आडवं आलतं. म्या म्हटलं, आता काय करतो गं बाई मी. मग हात घातलो."

हे मी टाइप केलं. आणि मग पडद्याकडं पाहिलं.

सगळं पान लाल. तुम्ही पाहिली असेल ना ती लाल नागमोडी रेघ? कॉम्प्युटरला जो शब्द माहीत नाही त्याच्या खाली ती येते. 'म्हस'खाली लाल, 'व्याया'खाली लाल, 'न्हवतं'खाली, 'हुतो'खाली, 'आन्'खाली. एका बाईचं अख्खं बोलणं चूक आहे असं यंत्र सांगत होतं. माझ्या पडद्यावर एवढं लाल कधी आलेलंच नव्हतं. ते बघून मला — काय वाटलं सांगू? ऑफिसातलं ते हसणं ऐकू आलं.

इथं मी थांबू शकले असते. गेली आठ वर्षं मी स्वतःला जी गोष्ट सांगतेय ती इथंच थांबते. लाल रेघा होत्या, सवयीनं हात गेला, शुद्ध करून टाकलं. आयुष्यभर लोकांचं शुद्ध करून देणाऱ्या बाईच्या हातून झालेली चूक. ऐकायला बरी आहे की नाही?

पण ती लाल रेघ बंद करता येते. एका जागी टिकमार्क काढला की संपलं. मला ते माहीत नव्हतं? मी तर दुसऱ्यांना शिकवलंय. शिवाय 'गेलो'खाली लाल रेघ नव्हतीच. 'घेतलो'खाली नव्हती. ते शब्द यंत्राला बरोबर वाटत होते. बाईच्या तोंडी ते चूक आहेत, हे यंत्राला कुठून कळणार? ते मला कळत होतं. ते मी बदललं.

आणि एका कळीनं सगळं बदललं असंही नाही. शोधा आणि बदला, सगळं एकदम — ही कळ आळशांची आहे असं मी नेहमी म्हणते, कारण 'हाय'चं 'आहे' करायला जावं तर तिकडं 'सहायक'मधलंही 'हाय' बदलून बसतं आणि विचित्र काही तरी तयार होतं. मी एकेक शोधते, बघते, वाचते, मग बदलते. हौसाबाईचं प्रत्येक 'हुतो' मी वाचलं. प्रत्येक 'गेलो' वाचलं. आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे, विचार करून, 'होते' आणि 'गेले' केलं. मग बाकीच्या बायकांचंही तसंच केलं. चार दिवस लागले. बदललेला शब्द मूळ कागदावरही लाल पेनानं दुरुस्त करून ठेवायचा ही माझी शिस्त, म्हणजे उद्या गिऱ्हाइकानं विचारलं तर दाखवता येतं. ती शिस्तसुद्धा पाळली.

तुम्ही म्हणाल, प्रकरणं टाइप करताना प्रबंध काय म्हणतोय ते कळलं नव्हतं का? मी लोकांना सांगते की मी वाचत नाही, नुसती टाइप करते. खोटं आहे. मी सगळं वाचते. मॅडमचा प्रबंध तर मी अधाशासारखा वाचला होता. परिशिष्टातलं ते 'गेलो' म्हणजेच त्यांचा पुरावा, हे मला त्यांच्या गाइडइतकंच कळत होतं. प्रकरणांना मी हात लावला नाही. का? कारण ती मॅडम तपासणार होत्या. परिशिष्ट त्या तपासणार नव्हत्या. तारीख जवळ आली होती आणि त्या म्हणाल्या होत्या, "परिशिष्ट मी तुमच्यावर सोडलं, वहिनी."

मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, असं म्हणू का? मला आमचं घरातलं बोलणं त्या शहाण्या लोकांपुढं जाऊ द्यायचं नव्हतं. फोटोला उभं करताना बाईला चांगलं लुगडं नेसवतात, तसं मी हौसाबाईला नेसवलं. तिला कुणी 'बाई का बुवा' म्हणू नये. आणि खरं सांगायचं तर हौसाबाईचं निमित्त होतं. मला मी दिसत होते.

आणि ती पानं काय सुंदर झाली होती म्हणून सांगू. प्रत्येक बाईच्या नावाला ठळक उपमथळा, खाली गाव बारीक तिरप्या अक्षरात, मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ, ओळींत श्वास घ्यायला जागा. एकाही पानावर लाल ठिपका नाही. आजवर केलेल्या सगळ्या कामांत ते परिशिष्ट माझं सगळ्यात देखणं काम आहे. हे लिहितानाही मला त्याचा अभिमान वाटतोय, आणि तो कसा लपवायचा ते मला कळत नाही. मॅडमनी पानं उलटली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "किती देखणं झालंय हो." त्या बघत होत्या. वाचत नव्हत्या. ती माझीच कमाल.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी परिशिष्ट उघडलं. ते नावाजलेले भाषेचे अभ्यासक होते आणि त्यांनी त्यांचं कामच केलं. त्यांनी विचारलं, "तुमचा अख्खा प्रबंध म्हणतो की या बायका 'मी गेलो' म्हणतात. परिशिष्टात एकाही बाईच्या तोंडी ते नाही. या बायका राधानगरीच्या आहेत की पुण्याच्या? तुम्ही गावात गेला होता का?"

मॅडम तिथून थेट दुकानात आल्या. भर दुपारची वेळ, बोळात पोरं चेंडू लाथाडत होती. त्या उभ्याच राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी परिशिष्ट उघडून माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "वहिनी, हे कसं झालं?"

अडीच वर्षं एसटीचे धक्के खाल्लेली बाई समोर उभी. मी एक वाक्य बोलायचं होतं. एकच. आणि मी काय म्हटलं असेल?

मी म्हटलं, "मॅडम, नवीन व्हर्जन आलंय ना. ते आपोआप शुद्ध करतं. ऑटोकरेक्ट."

"बाईचं क्रियापदसुद्धा बदलतं?"

"आता सगळंच करतंय हो ते."

त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? या कामातलं मला कळतं, त्यांना नाही, हे मीच त्यांना इतके महिने दाखवत आले होते. मग त्यांनी मूळ कागद मागितले. तेवढे कागद विद्यापीठाच्या समितीपुढं ठेवले असते तर सगळं मिटलं असतं. त्यांचंच अक्षर, एसटी स्टँडवर बसून लिहिलेलं, कुठं चहाचा डाग, कुठं तिकीट टाचलेलं. पण त्या कागदांवर प्रत्येक 'हुतो'वर लाल काट होती आणि वर माझ्या अक्षरात 'होते' होतं. माझं अक्षर फार वळणदार आहे. कुणीही ओळखलं असतं.

मी म्हटलं, "काम झाल्यावर रद्दीत घातले हो. तुम्ही न्यायला आला नाही."

कागद माझ्या मागच्या कपाटात होते. मी त्या कपाटाला पाठ टेकूनच उभी होते.

पुढचं मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांनी समितीपुढं माझंच वाक्य सांगितलं — कॉम्प्युटरनं आपोआप बदललं. समितीत कुणीतरी जाणकार होतं. ते म्हणाले, "बाई, असलं कुठलंही ऑटोकरेक्ट नसतं." म्हणजे आधी मॅडमवर नुसता संशय होता. माझं खोटं त्यांच्या तोंडून निघाल्यावर त्या खोट्या ठरल्या. गाइडनी त्यांच्याशी बोलणं कमी केलं. प्रबंध दुरुस्तीला परत आला. परिशिष्ट काढून टाका, आणि ज्या प्रकरणाला पुरावा नाही ते प्रकरणही काढा.

मॅडमनी तरी एक प्रयत्न केला. ते छापील परिशिष्ट पिशवीत घालून त्या पुन्हा हौसाबाईकडं गेल्या. विचार असा की तिला तीच गोष्ट परत सांगायला लावावी आणि पुन्हा लिहून घ्यावी. तिला आठवण करून द्यायची म्हणून आधी त्यांनी ते छापील वाचून दाखवलं. 'मी एकटीच होते. मी बॅटरी घेतली आणि गोठ्यात गेले.' हौसाबाईनं मन लावून ऐकलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "लई ग्वाड हाय. पर ही बाई कोण?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच की, आजी."

हौसाबाई बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. पण ठळक अक्षरं, सरळ ओळी, सगळं कसं जागच्या जागी — ते तिला दिसत होतंच. मग म्हणाली, "पुस्तकात असं हाय म्हंजी आसंच बोलाया पायजे. आमाला कुठलं कळतंय." आणि तिनं पदर सावरला, मांडी घातली, आणि म्हशीची गोष्ट सांगायला लागली. 'मी... एकटीच होते. मी गोठ्यात... गेले.' प्रत्येक शब्दाला अडखळत. मॅडमच्या तोंडाकडं बघत, बरोबर आलं का म्हणून. मॅडमनी हर प्रकारे सांगितलं, तुमचं तुम्ही बोला. ती म्हणाली, "न्हाय, न्हाय, आता जमंल." त्यानंतर मॅडमसमोर ती पुन्हा कधीच पहिल्यासारखी बोलली नाही. आणि म्हशीचं ते सगळं — रेडकू आडवं आलं, हात घातला, ते वाचलं की गेलं — ते तिला शुद्ध बोलीत सांगताच येईना. अर्ध्यावर सोडून ती चहा ठेवायला उठली.

हे मॅडमनी मला दुकानातल्या स्टुलावर बसून सांगितलं. राग नव्हता. थोडं हसत सांगत होत्या, जसं आपण आपलीच फजिती सांगतो. म्हणाल्या, "बघा ना वहिनी, कॉम्प्युटरनं काय केलं." मी कापलेला प्रबंध तेव्हा नव्यानं लावत होते. पानक्रमांक बदलायचे होते, अनुक्रमणिका पुन्हा काढायची होती. मी एक कळ दाबली, परिशिष्टाची ओळ अनुक्रमणिकेतून आपोआप गेली आणि खालचं सगळं वर सरकलं. मोकळी जागासुद्धा राहिली नाही. तेही काम मी चोख केलं.

त्यांना पदवी मिळाली, दोन वर्षं उशिरा. कायमची जागा तोवर भरली गेली होती. आता त्या एका शाळेत शिकवतात. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. बारीक झालेला, नीटनेटका. त्या पुन्हा गावांत गेल्या नाहीत. हौसाबाई वारल्याचं त्यांनीच मला सांगितलं, मागच्या की त्याच्या मागच्या वर्षी. आजही त्यांच्या ओळखीतलं कुणी प्रबंध लिहीत असलं की त्या त्याला माझ्याकडं पाठवतात. माझं नाव सांगतात. माझ्यासारखं काम कुणी करत नाही म्हणतात, आणि ते खरंच आहे.

कागद अजून कपाटात आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत, अनुक्रमानं लावून ठेवलेले. परवा काढले, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, लाल पेनाच्या खालचं वाचलं. हौसाबाई अख्खी आहे त्यात. मी परत ठेवले. द्यायला गेले नाही. उद्या जाईन असंही लिहीत नाही, कारण असं मी पूर्वी बरेचदा ठरवलंय.

वर लिहिलंय ते सगळं नीट तपासून लिहिलंय. समास बरोबर आहे, एकही लाल रेघ नाही. फक्त शेवटची ओळ तशीच ठेवतेय.

मॅडम, कागद माज्याजवळ हायत. रद्दीत गेलं न्हाईत. मी खोटं बोललो.